वहाणा

मापाची दोरी माझ्या आज्याच्या काळातली.
तिला दोन गाठी: एक टाचेची, एक अंगठ्याची.
मधे देवाचं पाऊल,
दीड हात आणि वर चार बोटं.
पाऊल मी पाहिलेलं नाही.
आमचं घराणं वहाणा करतं
आणि पायरीखाली उभं राहून वर देतं.

गावात सगळे सांगतात, वेतोबा रात्री फिरतो.
सड्यावरून उतरतो, कुळागरातून, मिठागराच्या बांधावरून
खाडीच्या तोंडापर्यंत, आणि परत.
म्हणून वहाणा झिजतात. म्हणून दर जत्रेला नव्या.
त्याला सगळं दिसतं, म्हणतात:
रात्रीत कुणी सरकवलेली मेर,
कुणाच्या जाळ्यातून कुणी काढलेला सरंगा,
भरतीच्या वेळी विहिरीमागे कोण कोणाची वाट बघतं.
मला डोळ्यांचं ठाऊक नाही.
मला तळव्यांचं ठाऊक आहे.
माणूस काय करून आला ते टाचेत उतरतं.
बाबल खोत उजवी टाच घासत चालतो
भावाचा हिस्सा विकल्यापासून.

त्या वर्षी दीक्षाची फी भरायची होती, नर्सिंगची, सावंतवाडीला.
कातडं महागलेलं.
तळाला तीन थर लागतात. मी दोन घातले.
मधे पुठ्ठा,
टीव्हीच्या खोक्याचा, खोतांच्या ओटीमागे टाकलेला.
त्यावर छापलं होतं: ही बाजू वर.
मी ती खाली केली.
टाके असे घातले की माझ्याच बोटांना कळू नये.

जत्रेत वहाणा वाजतगाजत गेल्या. पुजारी म्हणाला,
"गुणाजी, औंदा हलक्यो झाल्यो रे व्हाणो."
म्हटलं, "नव्या कातड्याच्यो आसत."
एवढंच खोटं बोललो. बाकीचं शिवलेलं होतं.

मग झोप गेली.
सर आली की वाटे, पुठ्ठा फुगला असेल.
कुत्री भुंकली की वाटे, आता खाडीवर पोचला,
आता ओल्या रेतीत टाच रुतली,
आता थांबला, वाकला.
सकाळी गाव जसाच्या तसा. होड्या आल्या, एसटी आली,
कुणी काही बोललं नाही.
मला वाटायचं, बघणारा बोलतो.
शाळेत मास्तर बघायचे आणि छडी यायची.
हा बघतो आणि चालत राहतो.

एका रात्री उठून सड्यावर गेलो.
कातळ अजून दिवसाचं ऊन धरून होता.
खाली समुद्र, ट्रॉलरांचे दिवे.
मोठ्याने म्हटलं: बघितलंस ना?
मग हेही बघितलं असशील,
सात पिढ्या आमचे हात तुझ्या पायांत
आणि आमचे पाय पायरीखाली.
त्याबद्दल कुणाला काय बोललास?
वारा होता. सुरूची झाडं होती.
उत्तर असं काही नव्हतं.

वर्षाने जुन्या वहाणा परत आल्या.
त्या भरतीच्या पाण्यात सोडायच्या असतात.
मी आधी आरी घातली. टाके उसवले.
कातडं शाबूत. पुठ्ठा मात्र
टाचेखाली विरलेला, अंगठ्याखाली भोक.
वाळवी असेल. दमट हवा असेल.
दीक्षा म्हणाली, "बुरशी आहे ती, बाबा."
ती आता शिकलेली आहे.
अक्षरं मात्र अजून लागत होती, उलटी.

यंदा तिन्ही थर कातड्याचे.
माफी मागितली नाही;
आधी कुणी मागायची, हे ठरेना.
वहाणा घेऊन गेलो आणि पायरीशी थांबलो नाही.
एक चढलो. मग दुसरी.
पुजाऱ्याने तोंड उघडलं,
मग वहाणांचं वजन हातात घेऊन बघितलं
आणि मिटलं.

तिथून पाऊल दिसतं.
दोरी दोन बोटं कमी आहे.
एवढी वर्षं
त्याला वहाण चावत असणार.